काळ्या बाटलीतला फेस

५ फेब्रुवारी

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाची स्वतःच्या चेहऱ्यापासून सुटका नसते. आमच्या दुकानात मान वळवावी तिकडे आरसा आहे. उभे आरसे, काउंटरवरचे फिरते आरसे, फ्रेमांच्या कपाटाच्या पाठीला लावलेले आरसे. गिऱ्हाईक एका आरशात स्वतःला बघतं आणि दुसऱ्यात मला.

आज एका आजींच्या डोळ्यांमधलं अंतर मोजत होते. त्यासाठी पट्टी त्यांच्या नाकावर टेकवायची, आपण हातभर अंतरावर बसायचं आणि म्हणायचं, "माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा." आजींनी डाव्या डोळ्याकडे बघितलंच नाही. म्हणाल्या, "कपाळाला काय झालंय गं पोरी? डास चावले का?"

मी "हो" म्हणाले. आमच्या घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीने आपल्या मुरुमांचं खापर डासांवर फोडलं.

दुपारी मालकीणबाईंनी बोलावलं. त्या कुठलंही बिल हात लांब करून, मान मागे नेऊन वाचतात. माणसांकडेही तशाच बघतात, त्यामुळे समोरच्याला आपलं काहीतरी चुकलंय असं सारखं वाटत राहतं. म्हणाल्या, "वीस मार्चला ठरवू. तुम्हाला समोर काउंटरला ठेवायचं की आत काचा घासायला. गिऱ्हाईक आधी समोरच्या माणसाकडे बघतं, मग चष्म्याकडे. एवढं लक्षात ठेवा." असं म्हणून त्यांनी मान मागे नेली आणि थेट माझ्या कपाळाकडे बघितलं.

मला जे समजायचं ते समजलं.

आत म्हणजे मागची खोली. खिडकी नाही, घासायचं यंत्र दिवसभर किंचाळतं, आणि तिथे काचकाका असतात. ते यंत्राच्या आवाजावर ओरडून बोलतात आणि यंत्र बंद असलं तरी ओरडूनच बोलतात. माणूस चांगला आहे. पण आईने सगळ्या नात्यागोत्यात सांगून टाकलंय की आमची मुलगी "समोर, काउंटरवर" असते. मला माणसांच्या डोळ्यांसमोर उभं राहून काम करायचंय. त्यासाठी शिकले.

तेव्हा आज ठरवलं. तेलकट चेहरा स्वच्छ ठेवायची एक स्वस्त आणि खरी पद्धत शोधून काढायची. कुठल्याही जाहिरातीवर विश्वास ठेवायचा नाही. सापडली की तिचं एकपानी पत्रक काढायचं आणि माझ्यासारख्या मुलींना वाटायचं. गोरं व्हायचं नाही, सुंदर दिसायचं नाही, फक्त फसायचं नाही.

९ फेब्रुवारी

औषधाच्या दुकानात बराच वेळ उभी होते. तिथल्या ताई गोड बोलतात, म्हणून आधीच सावध होते. त्यांच्या मागच्या फळीवर चेहरा धुवायच्या इतक्या बाटल्या आहेत की प्रत्येक बाटली शेजारणीला खोटं पाडते. एक तेल शोषून घेते म्हणे, दुसरी ओलावा देते, तिसरी दोन्ही करते.

"ताई, खरं सांगा," मी म्हटलं. "खिशाला परवडेल असं, तेलकट चेहऱ्यासाठी. आणि उगाच जाहिरात नको."

त्या हसल्या. "साधा सौम्य फेसवॉश घ्या. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. घासायचं नाही. आणि वरून हलकं क्रीम लावा."

"तेलकट चेहऱ्याला क्रीम?"

"हो, त्यालाही लागतं."

तिथेच डाव माझ्या लक्षात आला. माझ्या कपाळावरून तेल गळतंय आणि या वरून क्रीम लावायला सांगतात! विहिरीत पडलेल्या माणसाला आंघोळीचं पाणी तापवून देण्यासारखं आहे हे. आणि दोनदाच का धुवायचं? रस्त्यात विचार करता करता तेही उलगडलं. तिसऱ्यांदा धुतलं तर तेल पार निघून जाईल आणि क्रीमची गरजच उरणार नाही. त्यांना ते परवडत नाही.

मी कोपऱ्यातली काळी बाटली उचलली. कोळशाचा फेसवॉश. बाटली इतकी कुरूप होती की ती खोटं बोलत असेल असं वाटेना.

"ही जरा कडक आहे हं," ताई म्हणाल्या.

म्हणजे कामाची आहे.

१४ फेब्रुवारी

चेहरा धुतला की असा ताणला जातो की हसताना गालाला कळतं. याचा अर्थ तेल मुळापासून निघतंय. पहिले दोन दिवस फार समाधान वाटलं.

पण दुपार झाली की परत चमक. म्हणून आता छोट्या डबीत फेसवॉश भरून दुकानात नेते आणि जमेल तेव्हा धुते. चष्मे पुसायचा पातळ कागद कपाळावर दाबते आणि दिव्यासमोर धरते. तेल असेल तर कागद पारदर्शक होतो. प्रत्येक वेळी होतोच. धुतल्यावर थोड्याच वेळात होतो. मग हे तेल येतंय कुठून?

माझ्या आत एवढं तेल असणं शक्य नाही. म्हणजे बाहेरून येतंय. संशय: उशी, दुकानातला पंखा, वहिनीचं केसांचं तेल. वहिनी ढब्बीला, म्हणजे माझ्या अकरा महिन्यांच्या भाचीला, माझ्या पलंगावर झोपवते आणि स्वतःही टेकते. आज तिला सरळ विचारलं, "वहिनी, माझ्या उशीवर डोकं ठेवतेस का?"

"ठेवलं असेल गं. का?"

"कधी? रोज? कोणत्या बाजूला?"

दादा आतून ओरडला, "बॅरिस्टर, आरोपीला पाणी तरी पिऊ दे."

दादाला प्रत्येक गोष्टीत चेष्टा सुचते.

१७ फेब्रुवारी

मालकीणबाई म्हणाल्या, "कुठे असता तुम्ही? आत्ता एक बाई दोन फ्रेमा हातात घेऊन उभ्या होत्या. गेल्या."

मी हात धुवायला गेले होते म्हणाले. त्यांनी नुसतं "हं" केलं. मला तर वाटतं, मी समोर नसले तर त्यांना बरंच वाटत असणार. असा चेहरा कोण समोर ठेवील? पण तसं सांगता येत नाही, म्हणून ही असली कारणं.

परत जाऊन धुतला.

२० फेब्रुवारी

आज मात्र मी एक चांगलं काम केलं. एक गृहस्थ चष्मा घेऊन आले आणि भांडायलाच लागले. "तुमची काच निकृष्ट आहे. कितीही पुसा, चिकटच दिसते."

मी काच दिव्यासमोर धरली. बारीक ओरखड्यांचं जाळं, मधे मधे पापुद्रे सुटलेले. विचारलं, "कशाने पुसता?"

"भांड्यांच्या पावडरीने. दिवसातून पाच-सहा वेळा. मला स्वच्छता लागते."

मी त्यांना शांतपणे समजावलं. काचेवर एक पातळ थर असतो. तो काचेच्या भल्यासाठीच असतो. कडक पावडरीने घासलं की तो निघून जातो आणि मग काच जास्तच चिकट दिसते, म्हणून तुम्ही आणखी घासता, म्हणून ती आणखी बिघडते. दोष काचेचा नाही. कोमट पाणी, सौम्य साबणाचा एक थेंब, बोटाने हलकेच. मग टिपून घ्यायचं, रगडायचं नाही.

त्यांना ते पटलं. निमूट नवीन काच सांगून गेले. माणसं शिकलेली असतात, पण साधा विचार करत नाहीत.

संध्याकाळी नाकाच्या कडेची सालं निघाली. दादा म्हणाला, "भाजलीस का?" त्याला म्हटलं, मळ सुटतोय. उद्यापासून आंघोळीच्या खरखरीत हातमोज्याने घासणार आहे. नुसत्या बोटांनी भागत नाही.

२३ फेब्रुवारी

घरात काहीतरी शिजतंय.

आज दुकानातून आले तर बाथरूमची फरशी लखलखीत धुतलेली. सणाचा दिवस नाही, पाहुणे नाहीत. वहिनीने मी चप्पल काढायच्या आत चहा हातात दिला. एरवी "घे गं ओतून" म्हणते. वर हसली. मी काही विचारलेलं नसताना म्हणाली, "आज फार घाम येतोय ना?" आज घाम येत नव्हता.

काळी बाटली जागेवर होती, पण तोंड भिंतीकडे. मी ती नेहमी नळाकडे तोंड करून ठेवते.

ढब्बीच्या बोटांच्या बेचक्यांत काळं होतं. फ्रॉकलाही. "हिने पेन्सिल खाल्ली वाटतं," मी म्हटलं.

"पेन्सिलच," वहिनी म्हणाली आणि तिला उचलून आत घेऊन गेली.

बाळाच्या हाती पेन्सिल देणं मला तरी बरोबर वाटत नाही. पण मी बोलले नाही.

२४ फेब्रुवारी

बाटलीत पाणी घातलंय. मला खात्री आहे. कालपर्यंत डांबरासारखा काळा होता, आज राखाडी. फेस मऊ. चेहरा ताणला जात नाही. वासही मवाळ आहे, गोडसर, ओळखीचा, पण कशाचा ते आठवेना.

दोन शक्यता. एक, कंपनीच वरच्या थरात चांगला माल भरते आणि खाली हलका, म्हणजे गिऱ्हाईक आधी भुलतं. दोन, वहिनी वापरते आणि कळू नये म्हणून पाणी भरते. तिचा चेहरा हल्ली तजेलदार दिसतो. आधी तो बाळंतपणानंतरचा म्हणत होतो आम्ही.

मागे निळ्या काठाच्या कपाचा कान तुटला होता, तेव्हा कोणीच कबूल होईना. मी सगळ्यांना एकेकटं गाठून विचारलं. कोण कुठे होतं, शेवटचा कप कोणी धुतला. दोन दिवस लागले, पण सत्य बाहेर आलं. (शेजारचं मांजर.) चौकशीने घर सरळ राहतं असं माझं मत आहे.

आता कोणावर आळ घ्यायच्या आधी पुरावा हवा. उद्यापासून बाटलीच्या झाकणाला एक बारीक दोरा गुंडाळणार. आणि दुकानातली डबी बंद. बाटली घरी ठेवून फक्त सकाळी आणि संध्याकाळी वापरायची, म्हणजे पातळी नेमकी समजेल. हातमोजाही बंद. घासलं की फेस किती निघतो ते ताडता येत नाही. चेहऱ्याचं व्हायचं ते होवो, आधी चोर सापडला पाहिजे.

१ मार्च

दोरा तुटलेला होता. जोडून परत बांधलेला. गाठ माझी नव्हती.

५ मार्च

गंमत म्हणजे चेहरा सुधारतोय. लाली गेली. नाकाची सालं थांबली. कपाळावरच्या मुरुमांपैकी मोठे तीन बसले. दुपारी कागद लावला तर नुसता पुसट डाग. पाणी घातलेल्या मालात इतकी ताकद, तर अस्सल मालात किती असेल! कोळसा हा प्रकार खराच आहे. पत्रकाचा पहिला परिच्छेद लिहून काढला: "भगिनींनो, काळ्या बाटलीला घाबरू नका."

आज दुकानात एक लहान मुलगी पहिला चष्मा घालायला आली होती. घातल्यावर कोणाशी बोलेना. दारात गेली आणि समोरच्या दुकानाची पाटी, मग त्याच्या वरची पाटी, मग त्याच्याही वरच्या गॅलरीतली कुंडी असं बघत राहिली. तिची आई म्हणाली, "चल." मी म्हटलं, "बघू दे की. आम्हाला घाई नाही." सगळा वेळ मी तिच्या मागेच उभी होते, आणि मला आरशात बघायचं सुचलंही नाही.

मालकीणबाई गल्ल्यापाशी बसून हे बघत होत्या. नंतर म्हणाल्या, "आता कशा बऱ्या दिसता."

शेवटी चेहराच बघतात माणसं.

१२ मार्च

पातळी कमी होते आणि मग परत वाढते. कमी होते, वाढते. म्हणजे ती वापरते आणि भरते. काल वहिनी बाथरूममधून ओढणीखाली काहीतरी लपवून बाहेर आली. मी दारातच होते. दचकली.

"काय आहे?"

"ढब्बीचं सामान गं."

"बघू?"

"तिचं सामान काय बघायचं?" हसली, पण डोळे हसले नाहीत.

जेवताना आई म्हणाली, "त्या पोरीच्या आंघोळीची बाटली आठवडाभरही पुरत नाही. एवढंसं अंग तिचं."

"फार मळते ती," वहिनी ताटाकडे बघत म्हणाली.

म्हणजे उधळेपणाही आहे. एका माणसाबद्दल एकदा संशय आला की किती गोष्टी जागच्या जागी बसत जातात!

वाईट याचं वाटतं की वहिनी मला आवडते. माझ्या शेवटच्या परीक्षेच्या वेळी पहाटे तीच मला उठवायची. हवं असेल तर तिने मागावं. मी अर्धी बाटली दिली असती.

१८ मार्च

काळी बाटली अखेर संपली. नवीन आणली, तीच, त्याच दुकानातून. ताई म्हणाल्या, "तुम्हाला सोसला वाटतं. चेहरा छान झालाय." त्यांच्या तोंडून हे ऐकून बरं वाटलं. क्रीम न घेता झालाय, हे मुद्दाम सांगितलं.

या वेळी बाटली बाथरूममध्ये ठेवायची नाही, माझ्या कपाटात कुलपात ठेवायची. वीस तारखेपर्यंत कोणाचा हात लागता कामा नये. पण घरी आल्यावर आईने हाक मारली आणि पिशवी थोडा वेळ स्वयंपाकघरात राहिली. वहिनी तिथेच होती.

संध्याकाळी धुतला. डांबरासारखा काळा. भरपूर फेस. पुन्हा एकदा धुतला, अस्सल माल मिळाला या आनंदात. आता चेहऱ्याची आग होतेय.

१९ मार्च

सकाळी आरशात बघितलं. कपाळ लाल, गाल लाल, नाकाच्या दोन्ही बाजूंना चटके बसल्यासारखे पट्टे. आणि उद्या वीस तारीख.

तीच कंपनी, तीच बाटली, तेच पाणी. इतके दिवस गुण आला आणि आजच जळला? म्हणजे या बाटलीत काहीतरी मिसळलंय. आणि पिशवी कुठे होती, ते मला माहीत आहे.

सगळे चहाला बसले होते. मी बाटली मधोमध ठेवली.

"पुरावा क्रमांक एक," दादा म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "अगं, काय हे तोंडाचं!"

"वहिनी, या बाटलीत काय घातलंस?"

"या? हिला तर मी हातही लावला नाही."

"हिला म्हणजे? मग कोणत्या बाटलीला लावलास?"

वहिनीने ढब्बीला दादाच्या मांडीवर दिलं. नसलेल्या पदराला पुसावेत तसे तिने ओढणीला हात पुसले.

"आधीच्या," ती म्हणाली.

मग तिने एका दमात सांगून टाकलं. ढब्बीने बाटली सांडली होती. टॉवेल घ्यायला वळले तेवढ्यात. सगळी फरशी काळी, हिचे हात काळे, फ्रॉक काळा. तळाशी बोटभर उरलं होतं. त्यात ढब्बीचा बेबीवॉश ओतला आणि ढवळलं. नंतर कमी झालं की परत तोच.

"इतके दिवस मी बाळाच्या साबणाने तोंड धुतलं?"

"हो. ही नवी आहे ना, ही खरी. आधीची नव्हती खरी."

दादाला हसू आवरेना. "म्हणजे बॅरिस्टरचं सगळं संशोधन आमच्या पोरीच्या आंघोळीवर!"

"तरीच!" आई म्हणाली. "तरीच म्हटलं, आठवडा पुरत नाही."

मला काही हसू येत नव्हतं. "सांगितलं का नाहीस? सांडली म्हणायचं. त्यात काय होतं?"

"तुला सांगायचं?"

"हो, मला. मी कधी आवाज तरी चढवते का?"

"नाही चढवत," वहिनी म्हणाली. "तू शांतपणे विचारतेस. किती वाजता, कुठे होतीस, बाळ कुणाकडे होतं, टॉवेल आधीच का नाही घेतला. हे ओरडतात ना, ते बरं. पाच मिनिटांत संपतं. तुझं संपत नाही. कपाचा कान तुटला तेव्हा दोन दिवस मला घास गिळवत नव्हता, आणि मी तर काही केलंही नव्हतं. मी बारावीला गणितात दोनदा बसलेली बाई. तू समोर आलीस की मला परत तिथेच बसल्यासारखं होतं."

"आणि नंतर? नंतर तरी सांगायचं."

"नंतर तुझा चेहरा निवळायला लागला. म्हटलं, आता कशाला बोला. खूश दिसत होतीस तू."

आई म्हणाली, "उठा आता, चहा गार झाला." पण कोणी उठलं नाही. दादाचंही हसू थांबलं होतं. ढब्बीने काळ्या बाटलीकडे हात केला आणि तिघांनी एकदम ती बाजूला ओढली.

मी खोलीत येऊन हे लिहितेय. मला राग आलाय. तिने खोटं सांगितलं, पेन्सिल म्हणाली, दोरा परत बांधला. मी फक्त प्रश्न विचारले. प्रश्न विचारणं हा काय गुन्हा आहे? शिक्षण म्हणजे दुसरं काय असतं?

पण कपाच्या वेळी तिला घास गिळवत नव्हता, हे मला दिसलं नव्हतं. मी तिच्याच समोर बसून जेवत होते.

२० मार्च

जाणारच नव्हते. आईने डबा हातात दिला आणि दार उघडून धरलं, त्यामुळे जावं लागलं. वहिनी दिसली नाही.

दिवसभर गिऱ्हाइकांपासून जरा लांब बसले. तरी एका बाईंनी विचारलंच, "ऊन लागलं का?" या वेळी डास म्हणाले नाही. म्हटलं, "नाही, फार घासला." त्या म्हणाल्या, "मीपण करायचे," आणि पुढची फ्रेम मागितली. संपलं तिथेच.

बंद करायच्या वेळी मालकीणबाईंनी बोलावलं. मीच आधी म्हटलं, "मला माहीत आहे तुम्ही काय ठरवलंय. मागच्या खोलीत कधीपासून बसू?"

"मागे? मागे का?"

"माझा चेहरा."

"काय झालंय चेहऱ्याला?" त्यांनी गळ्यातल्या साखळीचा चष्मा उचलून डोळ्यांवर घातला. इतक्या दिवसांत मी त्यांना तो घातलेला पहिल्यांदाच बघत होते. "अगं बाई! हे काय करून घेतलंत?"

चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई, आणि जवळचा चष्मा साखळीला नुसता लटकतो. हातभर अंतराच्या आतलं त्यांना काहीच धड दिसत नाही. म्हणजे फेब्रुवारीत त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं तेव्हा त्यांना कपाळ असल्याचंच काय ते समजलं असेल.

"फेब्रुवारीत मी तुम्हाला आतच पाठवणार होते," त्या म्हणाल्या. "सारख्या उठून कुठे जायचात कोण जाणे. माणूस नवीन चष्मा घालून वळतं तेव्हा त्याला 'कसा दिसतो' विचारायला कोणीतरी हवं असतं. तिथे कोणी नसायचं. नंतर कुठे जागेवर दिसायला लागलात. त्या लहान मुलीच्या मागे थांबलात तशा थांबत जा. एक तारखेपासून काउंटर तुमचं."

मी थँक्यू म्हणाले. बाहेर येऊन बसमध्ये बसेपर्यंत मला वाटत होतं की त्या नुसत्या चांगुलपणाने म्हणाल्या. कपाळ दिसलंच असणार. मग ठरवलं की हे मनात आणायचं नाही. तरी अधूनमधून येतंच.

काचकाका दुकान बंद करताना ओरडले, "आत आली असतीस तर बरं झालं असतं! इथे आरसा नाही!"

२१ मार्च

औषधाच्या दुकानात गेले. ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. त्या "मी सांगितलं होतं" म्हणाल्या नाहीत. मी त्याचीच वाट बघत होते.

"सौम्य काय आहे?" मी विचारलं.

"बाळाचा चालेल?"

"चालतो," मी म्हटलं. "माझा अनुभव आहे."

सोबत क्रीमची सर्वात छोटी डबी घेतली. क्रीमबद्दलचा माझा संशय पूर्ण गेलेला नाही. पण रात्री लावलं तर जळजळ थांबली, हेही लिहून ठेवायला हवं.

पत्रकाचं काय करायचं, कळत नाही. जे झालं ते खरंखरं लिहायचं तर पहिली सूचना अशी होईल की घरात आधी एक रांगतं मूल हवं आणि त्याने बाटली सांडायला हवी. भगिनींना हे कसं सांगणार? कागद फाडला नाही. कपाटात ठेवला.

घरी दोन बाटल्या घेऊन गेले. एक माझी, एक ढब्बीची. ढब्बीची वहिनीच्या हातात दिली. तिने घेतली. "दाखव बघू चेहरा," म्हणाली. दाखवला. "निवळेल," म्हणाली. एवढंच बोललो.

आणखी बोलायचं होतं. बाथरूममध्ये गेले, झाकणाचा जुना दोरा अजून नळाला अडकलेला होता, तो काढून टाकला.

२५ मार्च

लाली उतरली. दुपारी कागद लावला नाही.

आज सुट्टी. मी खोलीत कपडे घडी करत होते. स्वयंपाकघरातून खळ्ळकन आवाज आला. मग सगळं चिडीचूप. ढब्बीसुद्धा गप्प. आई बाहेर गेली होती, दादा कामावर. आत दोघीच होत्या.

मी घडी हातात धरून उभी राहिले. माझ्या जिभेवर सगळे प्रश्न रांगेत येऊन थांबले होते. काय फुटलं, कसं फुटलं, ढब्बी कुठे होती, कडेला का ठेवलं होतं. त्यातला एकही प्रश्न वाईट नव्हता. सगळे अगदी रास्त होते.

मग आतून वहिनीचा आवाज आला. जरा मोठ्याने, एखाद्याने थंड पाण्यात उडी मारताना काढावा तसा:

"अगं, बशी फुटली. माझ्याकडून!"

"लागलं नाही ना?" मी विचारलं.

"नाही!"

"ढब्बीला उचल. मी केरसुणी आणते."

दोघींनी मिळून केर भरला. वहिनी दोनदा माझ्या तोंडाकडे बघून गेली, मी काही विचारते का म्हणून. मी तुकडे कागदात गुंडाळले आणि कचऱ्यात टाकले, न बघता.

कोणती बशी होती, ते अजून विचारलेलं नाही.